पूर्वकर्म मनाचे : ध्यान आणि सायकेडेलिक द्रव्ये

पंचकर्म करणाऱ्या वैद्यास पूर्वकर्माचे महत्त्व सांगावयास नको. शोधनापूर्वी तीन ते सात दिवस स्नेहपान, त्यानंतर स्वेदन, आणि शोधन झाल्यावर संसर्जनक्रम. यांतील एखादी पायरी गाळली तर उत्तम औषधही व्यापद निर्माण करते. हेच सूत्र आज पाश्चात्त्य मानसचिकित्सेत निराळ्या वेषात अवतरले आहे. विशिष्ट अळिंबीतील सिलोसायबिनसारखे द्रव्य देण्यापूर्वी मनाची तयारी म्हणून ध्यानाचा अभ्यास करवून घ्यावा, असा विचार तेथील काही संशोधक मांडीत आहेत. आपल्या चिकित्सालयांतून आणि औषधी दुकानांतूनही याविषयी विचारणा होऊ लागल्याने आपली भूमिका स्पष्ट असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विचार निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. १९६२ मध्ये बोस्टन येथे वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रार्थनेच्या वातावरणात सिलोसायबिनचा प्रयोग केला, तेव्हापासूनच घेणाऱ्याची मनोवस्था आणि भोवतालचा परिसर यांवर परिणाम अवलंबून असतो, ही जाणीव या क्षेत्रात आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ७५ निरोगी व्यक्ती होत्या. द्रव्याच्या मोठ्या मात्रेस ध्यानादी साधनेच्या भरघोस मार्गदर्शनाची जोड ज्यांना मिळाली, त्यांच्यात सहा महिन्यांनंतरचे इष्ट बदल अधिक दिसले. झुरिच येथील २०१९ च्या अभ्यासात ३९ साधकांचे पाच दिवसांचे ध्यानशिबिर घेऊन चौथ्या दिवशी काहींस सिलोसायबिन, तर काहींस निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. पहिल्या गटात ध्यानाची खोली वाढली आणि ‘मी’पणाचा विलय भयावाचून अनुभवास आला, असे संशोधकांनी नोंदविले आहे.

आपल्या शास्त्रास यात नवल नाही. चरकाचार्यांनी मदात्ययचिकित्सेत मद्याचा विचार करताना विधी, मात्रा, काल, अन्न आणि बल यांबरोबरच स्थान व सोबती यांचाही विचार केला आहे. युक्तीने घेतलेले मद्य अमृतासमान आणि अयुक्तीने घेतलेले विषासमान, हा त्यांचा निर्णय आपण सारेच जाणतो. दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षेस स्थान आहे, ते याच कारणास्तव.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. झुरिचमधील ते ३९ जण शिबिरात प्रथमच डोळे मिटून बसलेले नव्हते. ते मुरलेले साधक होते. अशा प्रयोगांत उन्मादसदृश विकाराचा स्वतःचा वा कुटुंबातील इतिहास असणाऱ्यांस सहसा प्रवेशच दिला जात नाही. द्रव्य शुद्ध व मोजलेले असते आणि प्रशिक्षित व्यक्ती दिवसभर शेजारी असते. आठवडाभर ध्यान करून डोंगरात मिळालेली अळिंबी खाणाऱ्या तरुणाजवळ यांपैकी काय असते? ध्यानाने चित्त स्थिर होईल. विषारी अळिंबी निर्विष होणार नाही. अवर सत्त्व असलेल्यास दीर्घ मौनशिबिरही कधी कधी झेपत नाही, हेही विसरता कामा नये. अशा प्रवासाहून परतलेला, कित्येक रात्री झोप नसलेला मुलगा आणि त्याचे हवालदिल आईवडील ज्याने समोर पाहिले आहेत, तो वैद्य या विषयावर हलकेपणाने बोलणार नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात अधिकृत मनोविकारतज्ज्ञांस ठरावीक विकारांत सिलोसायबिन देता येते. आपल्याकडे ते १९८५ च्या एनडीपीएस अधिनियमाच्या सूचीत आहे. वैद्याने ते देणे तर दूरच, जवळ बाळगणेही गुन्हा आहे. भांगेची पाने त्या अधिनियमाच्या व्याख्येबाहेर असली, तरी राज्यांचे निर्बंध आहेतच. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांग समाविष्ट असल्याने भांगयुक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. औषधी दुकानदार बंधूंस आमची विनंती की, विजयायुक्त कल्प ‘ध्यानास साहाय्यक’ म्हणून कोणाच्याही हाती ठेवू नयेत. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेचेच नाव घेतले आहे. पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारे द्रव्य गिऱ्हाइकाच्या हौसेवर सोपविण्याजोगे नव्हे.

मग वैद्याने काय करावे? विचारणाऱ्यास झिडकारू नये; झिडकारलेला रुग्ण पुन्हा सत्य सांगत नाही. त्याची निद्रा, कुलवृत्त, चालू असलेली आधुनिक औषधे आणि पूर्वी घेतलेली द्रव्ये यांची शांतपणे नोंद करावी. भ्रम, निद्रानाश वा आत्मघाताचे विचार आढळल्यास विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘प्रवासापूर्वीचे ध्यानवर्ग’ मात्र आपल्या नावाने चालू देऊ नयेत.

अहितकर अर्थांपासून मनाचा निग्रह हा सत्त्वावजयाचा गाभा आहे. ध्यान हे त्याचे साधन म्हणून आम्ही रुग्णास अवश्य शिकवावे. पण एखाद्या द्रव्याच्या दारापर्यंत पोहोचविणारी पायवाट म्हणून नव्हे. पूर्वकर्म करवून घेणारा वैद्य प्रधानकर्माच्या परिणामासही उत्तरदायी असतो. जे प्रधानकर्म आपल्या हाती नाही, त्याचे पूर्वकर्म आपण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.