शिंगाड्याच्या तळ्यावरचा सारा

चीनमधल्या सूचौ शहराबाहेर शीहू नावाचा तलाव आहे. दक्षिण सोंग घराण्याच्या काळातला कवी फान छंग-दा आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच्या काठी राहायला आला. आजारातून थोडा सावरल्यावर ११८६ साली तो शेताशिवारात जे दिसेल ते चार-चार ओळींत टिपू लागला. वर्षअखेरीस साठ कविता झाल्या. वसंताचा आरंभ, वसंताची अखेर, उन्हाळा, शरद आणि हिवाळा, प्रत्येकाच्या वाट्याला बारा.

यातल्या काही चीनमधली मुले शाळेतच शिकतात. एका कवितेत मोठी माणसे दिवसा खुरपणी करतात, रात्री ताग वळतात आणि नांगर न पेलणारी पोरे तुतीच्या सावलीत वेलाचे बी लावायला शिकतात. दुसरीत निवांत दुपारी कोंबड्या फडफडत कुंपणावरून उडतात, कुत्रे भुंकते आणि चहा विकत घेणारा व्यापारी गावात आल्याचे कळते. कविता देखण्या आहेत यात शंका नाही. पण एवढ्याच वाचून फान छंग-दाला ‘शांत खेड्याचा कवी’ ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शरदातल्या बारा कविता सलग वाचाव्यात. एकीत नवे खळे आरशासारखे गुळगुळीत केलेले आहे आणि हसत-गात भाताची झोडणी उजाडेपर्यंत चालली आहे. तिच्याजवळच्याच दुसरीत तेच धान्य साऱ्यापोटी होड्यांत भरून सरकारी कोठाराचे दार उघडण्याची वाट पाहते आहे. एक माप जमा करायला शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी पट धान्य द्यावे लागते. घरच्या पोरांच्या पोटाला उरतो तो कोंडा.

उन्हाळ्यातली शिंगाड्याची कविता त्याहून बोचरी आहे. जमीन घेण्याची ऐपत नाही म्हणून माणसे पाण्यात शिंगाडे लावतात. ते काढताना बोटांतून रक्त येते, अंगावर मांस उरत नाही. आता त्या पाण्यावरही सारा बसला आहे. हिवाळ्यात बादशहाच्या पिवळ्या कागदावर सारा माफ होतो, तर स्थानिक कचेरीचा पांढरा कागद वसुलीचा तगादा लावतो. तो घेऊन आलेला शिपाई ‘साहेबांना काही कळत नाही’ म्हणत दारूपुरते पैसे मागतो.

फानच्या आधी शेतातला आसरा आणि साऱ्याचा जाच या कवितेच्या दोन वाटा बहुतांशी वेगळ्या होत्या. कवी थाव युआन-मिंगने ४०५ साली ऐंशीएक दिवसांतच अधिकारपद सोडून गाव गाठले. त्याच्या कवितेत शेत हा आसरा आहे. दुसरा कवी बाय च्यू-ई ८०७ साली तालुक्याचा अधिकारी होता. साऱ्यापायी जमीन गेलेली बाई दुसऱ्यांच्या शेतात कणसे वेचताना पाहून त्याला स्वतःच्या पगाराची लाज वाटली. फानने आसरा आणि सारा एकाच वर्षाच्या फेऱ्यात बसवले. हेच त्याचे मोठेपण, आणि ते निवडक चार कवितांतून दिसत नाही.

तो बाहेरून पाहणारा हळवा पाहुणाही नव्हता. सरकारी कचेरी त्याने आतून पाहिली होती. छूचौचा अधिकारी असताना त्याने थोंगची बंधारा दुरुस्त करवून पाणीवाटपाचे नियम ठरवले. त्या नियमांचा शिलालेख आजही तिथे आहे. कोणता कागद कुठून निघतो आणि गावात पोचेपर्यंत त्याचे काय होते, हे त्याला ठाऊक होते.

मराठी वाचकापर्यंत चिनी कविता बहुधा इंग्रजीतून येते, तीही निवडक. खरे तर या साठ कवितांसाठी मराठीत शब्द तयार आहेत: खळे, झोडणी, खुरपणी, सारा, तगादा. शिंगाडा तर इथे उपासाला घरोघरी येतो. कोणी अनुवादाला हात घातला तर साठही कविता घ्याव्यात, त्याच क्रमाने. आणि जागेअभावी निवड करावीच लागली, तर झोडणीच्या कवितेशेजारी साऱ्याची होडी आठवणीने ठेवावी.