सातपुड्यापासून ध्रुवप्रकाशापर्यंत

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळून उंचावरील ऑक्सिजन व नायट्रोजन उजळवतात, तेव्हा दिसणारा ध्रुवप्रकाश नंदुरबार जिल्ह्यातील, सातपुड्यातल्या तोरणमाळच्या काळ्याभोर आकाशात सहसा उमटत नाही, कारण हे पठार जेमतेम २२ अंश अक्षांशावर आहे. म्हणून मराठी पर्यटक हिवाळ्यात सुमारे ७० अंशांवरील नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मार्गदर्शित सहलीने जातात. तेथे छायाचित्रांइतकाच वेळ या प्रकाशाच्या विज्ञानाला मिळायला हवा, आणि त्यात मुंबईचाही उल्लेख अगत्याने व्हावा, कारण सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात घडवलेली उलथापालथ कुलाबा वेधशाळेने मोजून ठेवली आहे, तर ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात ध्रुवप्रकाश थेट मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे.