आकाश आपले, पूर्वज परके

मराठी वाचकाला आकाशाचे वावडे कधीच नव्हते. कृष्णविवर, श्वेतबटू, दीर्घिका हे शब्द विज्ञान शाखेचे तोंड न पाहिलेल्या घरांतही परके वाटत नाहीत. याचे मोठे श्रेय डॉ. जयंत नारळीकर यांचे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढेही त्यांचा मराठीशी संबंध तुटला नाही. महास्फोटाचा सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य नव्हता; गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह ते वेगळ्या मताचे राहिले. तरी महास्फोट म्हणजे काय हे त्यांनी समजावून सांगितले आणि तो आपल्याला का पटत नाही हेही सांगितले. विज्ञानात मोठ्या माणसांचेही भांडण पुराव्यावरच चालते, हा धडा मराठी वाचकाला असा आयता मिळाला.

विश्वाच्या जन्मावर इतके लिहिले गेले, माणसाच्या जन्मावर मात्र त्या मानाने फारच थोडे. जे लिहिले जाते त्यातही ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य हटकून येते. ते चुकीचे आहे. चिंपांझी हे आपले आजोबा नव्हेत, चुलत भावंडे. दोघांचा समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होऊन गेला आणि त्याच्यापासून दोन्ही घराणी वेगळी झाली. २०१८ साली केंद्रातील एका राज्यमंत्र्याने ‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही’ अशा आशयाचे विधान केले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढून त्याचा प्रतिवाद करावा लागला. पण मंत्र्यांनी खोडलेले वाक्य उत्क्रांतिशास्त्राचे नव्हतेच. ते सोप्या लेखनाने रुजवलेले होते.

यात थोडा दोष शब्दांचाही आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दातील ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळे ही पायरीपायरीने वर चढण्याची गोष्ट आहे आणि शेवटच्या पायरीवर आपण उभे आहोत, असे वाटून जाते. वाकलेल्या प्राण्यापासून ताठ माणसापर्यंतची ती प्रसिद्ध रांग हाच गैरसमज चित्रातून पक्का करते. प्रत्यक्षात हे फांद्या फुटलेले झाड आहे आणि त्याच्या बहुतेक फांद्या वाळून गेल्या. ‘महास्फोट’ही असाच फसवा शब्द. रिकाम्या जागेत काही फुटले असे तो सुचवतो. प्रसरण मात्र अवकाशाचेच झाले. मूळ इंग्रजी नाव हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसीच्या नभोवाणीवर वापरले आणि विरोधकाने दिलेले तेच नाव चिकटले. शब्द आता बदलणार नाहीत. लिहिणाऱ्याने ते जपून वापरावेत, एवढेच हाती आहे.

माणसाच्या उगमाचा पुरावा म्हणजे केवळ हाडे आणि दगडी हत्यारे असाही एक समज आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रे ४८. माणसाच्या पेशीत ४६. समाईक पूर्वज खरा असेल, तर आपली एक जोडी गेली कुठे? ती हरवली नाही, दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले, तर एरवी फक्त टोकाला असणारी डीएनएची विशिष्ट पुनरावृत्ती त्याच्या मधोमध सापडते, तीही समोरासमोर जोडलेली. जोडकामाचा सांधाच म्हणायचा. प्रत्येक वाचकाच्या जवळपास प्रत्येक पेशीत हा दस्तऐवज आहे, पण मराठीत त्यावर कितीसे लिहिले गेले?

हा विषय इतिहासापुरता नाही, दवाखान्यातलाही आहे. २०२० साली ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी दाखवले, की कोविड गंभीर होण्याची जोखीम वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरील एक तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे आणि दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत तो आढळतो. पाबो यांना २०२२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते लुप्त मानवांच्या जनुकसंचावरील कामासाठीच. औषधांना दाद न देणारा क्षयरोगही उत्क्रांतीच. औषधाने बहुतेक जंतू मरतात, त्याला पुरून उरणारे थोडे वाढतात. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की हीच निवड रुग्णाच्या छातीत घडते. ‘कोर्स पूर्ण करा’ हे डॉक्टरांचे सांगणे ज्याला डार्विन कळला आहे त्याला चटकन पटते.

म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अभ्यासाचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात फक्त आनुवंशिकता उरली. २०२३ साली १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, हे खरे. पण दहावीनंतर कला, वाणिज्य किंवा आयटीआयकडे जाणाऱ्या मुलामुलींना तो कुठे भेटणार?

महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात मात्र विज्ञान भाग दोनचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीची पाळीही येईल. तेव्हा हा पाठ राहिलाच पाहिजे आणि त्यात इथली मातीही यावी. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीकाठी अश्मयुगीन हत्यारे सापडली, तीही सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर. ती राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुकडीच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरातल्या मुलांना हा वाद दोन्ही बाजूंच्या पुराव्यांसह शिकवता येईल.