वहीत न मांडलेले भांडवल

व्यापारी घरात एक गोष्ट लहानपणीच शिकवली जाते : ज्या खर्चाची नोंद वहीत होत नाही, तो खर्च टळत नाही, तो पुढे ढकलला जातो आणि व्याजासह परत येतो. खाडीकाठच्या खारफुटीच्या बाबतीत मुंबईने दीर्घकाळ हीच चूक केली.

तिवर, कांदळ, चिप्पी अशा नावांनी ओळखली जाणारी ही झाडे भरती-ओहोटीच्या सीमेवर, खाऱ्या चिखलात वाढतात. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची मुळे जमिनीबाहेर डोके काढून श्वास घेतात. या मुळांच्या जाळ्यात लाटांचा जोर ओसरतो, गाळ अडतो, कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले आसरा घेतात. खालच्या चिखलात कर्बाचा मोठा साठा दीर्घकाळ सुरक्षित राहतो. एवढी सेवा अखंड चालू असताना, शहराच्या हिशेबी ही जमीन मात्र ‘पडीक दलदल’ ठरली. कारण तिचे भाडे कोणाच्या हाती येत नव्हते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस केवळ झाडांनी पेलला नसता, हे खरेच. परंतु ज्या मिठी नदीने ते पाणी समुद्राकडे न्यायचे, तिच्या काठची दलदल आणि खारफुटी भराव घालून आधीच आक्रसली होती. भरावातून मिळालेल्या जमिनीचा नफा वर्षानुवर्षे मोजला गेला. पाण्याची जागा हिरावल्याचा तोटा मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. त्याचा वाटा भिजलेला माल आणि चिखलाने भरलेली गोदामे यांच्या रूपाने सामान्य दुकानदारांनीही भरला.

असा तोटा आधी मोजता येतो काय? ओडिशातील एक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर संशोधक रुची बडोला आणि एस. ए. हुसैन यांनी भितरकनिका परिसरातील तीन गावांची तुलना केली. खारफुटीच्या आडोशाला असलेल्या गावात दर कुटुंबामागे नुकसान सुमारे ३३ डॉलर झाले. खारफुटी आणि बांध, दोन्ही नसलेल्या गावात ४४ डॉलर. आणि खारफुटी नसून केवळ बांध असलेल्या गावात सुमारे १५४ डॉलर. बांध फुटून पाणी आत आले आणि त्याच बांधामुळे ते बाहेर पडू शकले नाही. पैसे खर्चून उभारलेल्या भिंतीपेक्षा विनाखर्च उभी असलेली झाडे अधिक कामाची ठरली.

सरकारी हिशेबात मात्र वनाचे मोल किती? वनजमीन अन्य कामासाठी देताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले त्याचे मूळ दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये होते. एका हेक्टरात सुमारे १ लाख ७ हजार चौरस फूट असतात. म्हणजे कमाल मूळ दरही चौरस फुटाला दहा रुपयांच्या आतच. २०२२ मध्ये दर वाढले, तरी हा आकडा पंधरा रुपयांच्या आसपासच राहिला. मुंबईत चौरस फुटाला काय भाव पडतो, हे या शहरातील व्यापाऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही. तराजूच्या एका पारड्यात इतके हलके वजन ठेवले, तर ते कोणत्या बाजूला झुकेल, हे आधीच ठरलेले असते.

महाराष्ट्रात कायद्याने काही अंशी हे पारडे सावरले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात तिचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भंग असल्याचे स्पष्ट केले. आता सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी आधी सुमारे ५३ हजार झाडे तोडावी लागतील असे सांगितले गेले होते. आराखड्याचा फेरविचार झाल्यावर ही संख्या सुमारे २२ हजारांवर आली. उत्तर द्यावे लागेल हे ठाऊक असले, की आराखडाही बदलता येतो.

तथापि मूल्य ठरवण्यात एक धोका आहे. किंमत ठरली, की ती भरून झाडे तोडण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू शकतो. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावण्याचे आश्वासनही असेच फसवे ठरू शकते. भरतीच्या पाण्याची योग्य पातळी नसलेल्या जागी लावलेले रोप तग धरत नाही, आणि धरले तरी त्याचे वन होण्यास वर्षे जातात.

या धोक्यावरचे उत्तर व्यापाऱ्याच्या वहीतच आहे. तेथे माल वेगळा आणि भांडवल वेगळे लिहिले जाते. माल विकण्यासाठी असतो. भांडवलाचे मोल मांडले जाते ते त्यास धक्का लागू नये म्हणून. भांडवल मोडून दाखवलेल्या नफ्याला कोणताही जाणता व्यापारी नफा म्हणत नाही. नगराच्या विकास आराखड्यात खारफुटीची नोंद भांडवलाच्या बाजूस झाली, तरच तो ताळेबंद खरा ठरेल.