रिपोर्ट नॉर्मल, तरीही दुखणे खरे

दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसले की एक दृश्य हमखास दिसते. पिशवीभर कागद घेऊन एक बाई बसलेली असते. कंबर दुखते, मान दुखते, अंग ठणकते. एक्स-रे झाला, रक्त तपासले, सोनोग्राफीही झाली. सारे रिपोर्ट नॉर्मल! सोबतचा नवरा वैतागून म्हणतो, "काही नाही जी डॉक्टरसाहेब, सारे हिच्या मनाचे खेळ हायेत." बाई मान खाली घालते.

'मनाचे' म्हणजे खोटे, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे.

आभाळ भरून आलेले असते, वेचलेला कापूस घरात आणायची धांदल चाललेली असते. अशा वेळी पायात काटा मोडला तरी कळत नाही. घरी पाय धुताना रक्त दिसते आणि मग तो सलू लागतो. काटा तोच, पाय तोच. मग मधल्या वेळात वेदना कुठे होती? पायातून निघालेली वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. तिला किती महत्त्व द्यायचे हे मेंदू ठरवतो. प्रसंगी ती वाटेतच दाबून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक वेदनाशामक औषध नको म्हणत, असे अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९४६ साली नोंदवून ठेवले आहे.

याच्या अगदी उलटही घडते. पाय कापावा लागलेल्या अनेकांना तो नसलेला पाय दुखतो. १९९०च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या रुग्णांना आरशात शाबूत हाताचे प्रतिबिंब दाखवले. गेलेला हात जागेवर आहे असे मेंदूला वाटले आणि काहींची वेदना कमी झाली. नसलेल्या हाताची वेदना हे नाटक म्हणावे काय?

दुखणे तीन महिन्यांपलीकडे रेंगाळले की मज्जासंस्था हळवी होऊ शकते. साधा स्पर्शही मग खुपतो. त्यात कर्जाचा हप्ता, हातचे गेलेले सोयाबीन, उडालेली झोप यांची भर पडते. नैराश्यही पुष्कळदा अंगदुखीचे रूप घेऊन येते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 'रिपोर्ट नॉर्मल' हे अर्धेच वाक्य आहे. 'पण तुमचे दुखणे खरे आहे आणि त्यावर उपाय आहे' हे उरलेले अर्धे आम्ही डॉक्टरांनी बोललेच पाहिजे. ते न बोलल्यामुळेच रुग्ण पुन्हा त्याच तपासण्या, सलाइन आणि शेवटी भगताकडे वळतो.

तपासणी टाळावी असा याचा अर्थ नव्हे. ताप, घटते वजन, पायातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास तातडीने दाखवावे. मात्र तपासणीत काही न निघाल्यास हळूहळू वाढवलेला व्यायाम, नियमित झोप, समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांचा उपयोग होतो. त्यासाठी दूर जायला नको. सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम या दोन्ही ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलताही येते.

मानसोपचाराची पायरी चढणारा वेडा नसतो. आणि घरच्यांनी 'नाटक' हा शब्द तेवढा टाकला, तरी उपचाराची सुरुवात घरातूनच होईल.