खुनी कोण ते आजीला विचारा



ह्या खेपेला आपल्या सदरात रहस्यकथा घेतल्या आहेत. मागणी दोन टोकांकडून आली. मंडळाच्या जेवणानंतर नव्वदीला टेकलेल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आम्ही मुंबईत अर्नाळकर वाचायचो, तसलं काही इथल्या लायब्ररीत मिळतं का गं?” आणि कोट चढवताना दहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “आंटी, मला मर्डरची पुस्तकं चालतील का? मम्मी नको म्हणते.”

दोघांना मी एकच उत्तर दिलं. मिळतात, चालतात, आणि दोघांनी मिळून वाचली तर जास्त चांगलं. का ते सांगते.

माझी आई शेवटच्या दोन वर्षांत नावं विसरायला लागली होती. डोळेही अधू झाले होते. माझा धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला मराठी समजतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. आजी आणि नातू शेजारी शेजारी बसायचे, “जेवलास?” “येस, आजी” इतकं बोलणं व्हायचं आणि संपायचं. मग एका सुट्टीत मी लायब्ररीतून एक डिटेक्टिव्ह कादंबरी आणली आणि त्याला म्हटलं, आजीला रोज एक प्रकरण वाचून दाखव. आई माझगावच्या कदुरी शाळेत शिकलेली, इंग्रजी तिला छान समजायचं. फक्त कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची बायको हे दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. म्हणून त्यानं एका वहीत सगळ्यांची यादी केली. रोज वाचायच्या आधी तो यादी वाचायचा, हजेरी घेतल्यासारखी.

आठव्या प्रकरणाला आई म्हणाली, “हीच ती बाई.”

तो हसला. त्या बाईवर पुस्तकात कोणाचाच संशय नव्हता. आई म्हणाली, “घरात माणूस गेलंय. ही सगळ्यांना जेवलात का विचारत फिरते, पण नर्सला विचारत नाही. नर्सच्या डोळ्याला डोळा देत नाही ती.”

दहा दिवसांनी पुस्तक संपलं. तीच बाई होती. (पुस्तकाचं नाव सांगत नाही, नाहीतर तुमची मजा जाईल.) पोरगा जिन्यावरून ओरडत खाली आला. त्यानंतर त्याला एकच ध्यास, आजीला कळलं कसं? मग आईनं उमरखाडीच्या चाळीतली हरवलेल्या सोन्याच्या बांगडीची गोष्ट सांगितली. ती कोणी घेतली होती, आणि नळावरच्या बायकांनी ते कसं ओळखलं. ही गोष्ट मीसुद्धा कधी ऐकली नव्हती.

तेव्हा मला पटलं की रहस्यकथेत म्हातारी माणसं आणि मुलं एका पायरीवर उभी असतात. शेवट दोघांनाही माहीत नसतो. मुलांची आठवण पक्की, कोण किती वाजता कुठं होतं ते त्यांना पाठ असतं. आपल्याला वेळा आठवत नाहीत, पण माणूस खोटं कधी बोलतो ते ठाऊक असतं. एकाला दुसऱ्याची गरज लागते. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असं होत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. सुरुवात घरापासून, म्हणजे क्रॉयडनपासून. आपलं गाव ह्या बाबतीत फार श्रीमंत आहे. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल 1891 ते 1894 साउथ नॉरवुडला, 12 टेनिसन रोड इथं राहत होते. घरावर निळी पाटी आहे, नातवंडांना दाखवून आणा. होम्सच्या कितीतरी कथा त्याच वर्षांतल्या. ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ ही 1893 सालची कथा तर क्रॉयडनमध्येच घडते. एका शांत स्वभावाच्या बाईंना पोस्टानं खोकं येतं आणि आत मिठात ठेवलेले दोन कान निघतात, आपण मासळी खारवतो तसे. बारा वर्षांखालच्या मुलांना ही आत्ता देऊ नका. होम्स मराठीतही आहे, भालबा केळकरांनी तो आणला.

पर्ली वेवरचं विमानतळ 1959 साली बंद झालं, इमारत अजून उभी आहे. त्या विमानतळानं दोन कादंबऱ्या दिल्या. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स यांची ‘द 12.30 फ्रॉम क्रॉयडन’ (1934) एका लहान मुलीच्या पहिल्या विमानप्रवासानं सुरू होते. विमान उतरतं तेव्हा तिचे आजोबा जागचे उठत नाहीत. ह्या पुस्तकात खुनी कोण ते लेखक लवकरच सांगून टाकतो, आणि मग तो पकडला कसा जातो ते आपण त्याच्याच बाजूनं बघतो. पुढच्याच वर्षी अगाथा ख्रिस्तींचं ‘डेथ इन द क्लाउड्स’ आलं. पॅरिसहून क्रॉयडनला येणारं विमान, आत व्याजानं पैसे देणारी एक बाई मेलेली, आणि त्याच विमानात खुद्द प्वारो. ख्रिस्तीबाईंची पुस्तकं मोठ्या अक्षरांत सहज मिळतात. काउंटरवर ‘लार्ज प्रिंट’ म्हणून मागा.

मुंबईची आठवण येणाऱ्यांसाठी. एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर गणेश घोटे हा मुंबई सी.आय.डी.चा अगदी आपल्यातला माणूस. साहेबांना घाबरणारा, बायकोचं ऐकणारा, आणि तरी काम तडीस नेणारा. पहिलं पुस्तक ‘द परफेक्ट मर्डर’ 1964 सालचं. गंमत अशी की तेव्हा कीटिंग यांनी हिंदुस्थान बघितलासुद्धा नव्हता. चुका शोधायला तुम्हाला मोकळीक आहे, मी बऱ्याच शोधल्या. वसीम खान यांचं ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ (2020) सुरू होतं 1949 सालच्या शेवटच्या रात्री, आणि नायिका आहे पर्सिस वाडिया ही पारशी पोलीस इन्स्पेक्टर. आपल्यातल्या कित्येकांनी ती मुंबई लहानपणी पाहिली आहे. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ त्याच्याही मागे, 1921 सालात जाते. तिथली पेरवीन मिस्त्री वकील आहे.

आपल्या लोकांची पात्रं असलेलीही आहेत. हॅरी केमेलमन यांच्या ‘फ्रायडे द रॅबाय स्लेप्ट लेट’ (1964) मध्ये सिनेगॉगच्या आवारात खून होतो आणि संशय रॅबायवर येतो. रॅबाय डेव्हिड स्मॉल तलमूदच्या तर्कानं गुंता सोडवतात. कमिटीतली भांडणं वाचताना हसू आवरत नाही, कारण कमिट्या सगळीकडे सारख्याच. नातेवाईक इस्रायलला आहेत त्यांनी बाट्या गूर यांची यरुशलेमची पुस्तकं घ्यावीत. त्यांचा मायकेल ओहायोन मोरोक्कोहून आलेला, म्हणजे दोन देशांचा माणूस, आपल्यासारखा. ड्रॉर मिशानी यांची ‘द मिसिंग फाइल’ होलोनमध्ये घडते. सोळा वर्षांचा मुलगा शाळेला निघतो आणि परत येत नाही. ही हळू चालते, पण मनात राहते.

साठीच्या पुढच्यांना हमखास आवडणारं म्हणजे रिचर्ड ऑस्मन यांचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (2020). केंटमधल्या वृद्धांच्या वसाहतीतले चौघे जण दर गुरुवारी जुन्या खुनांचा छडा लावतात. रांग लांब असेल, नाव आधी नोंदवा.

आता मुलं. एरिक केस्टनर यांचं ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ 1929 सालचं. बर्लिनच्या गाडीत एमिलचे पैसे चोरीला जातात आणि शहरातली पोरं मिळून चोराचा पाठलाग करतात. चार वर्षांनी, 1933 मध्ये, नाझींनी केस्टनर यांची पुस्तकं चौकात जाळली. एमिल मात्र मुलांचा इतका लाडका होता की तो तेव्हा सुटला. हे मुलांना सांगून मग वाचायला द्या. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या ‘मर्डर मोस्ट अनलेडीलाइक’ (2014) मधली हेझल वाँग हाँगकाँगहून इंग्लंडच्या शाळेत आलेली. वर्गात आपण वेगळे दिसतो म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे. त्या दहा वर्षांच्या मुलीला मी हेच दिलं, आणि मम्मीलाही आधी वाचायला सांगितलं.

मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. ‘ट्टॉक्’ केल्याशिवाय त्याचं चालत नाही. फेलूदाच्या बंगाली कथाही अशोक जैन यांनी मराठीत छान आणल्या आहेत. मुलांना देवनागरी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, ती ऐकतील. आणि काकांसाठी खास विनंती. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ह्यांच्यातलं कोणी तुमच्या ट्रंकेत दडून बसलं असेल तर मंडळात आणून द्या. कागद पिवळा असला तरी चालेल.

कामाच्या दोन गोष्टी. 2024 मध्ये क्रॉयडनमधल्या चार शाखा बंद झाल्या, त्यामुळे काहींनी जाणंच सोडलं आहे. असं करू नका. कॅथरीन स्ट्रीटची मोठी लायब्ररी ट्रॅमनं गाठता येते. ज्यांना बाहेर पडवत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं घरी पोचवण्याची सोय होते का ते फोन करून विचारा, किंवा नातवाला विचारायला लावा. आणि पुस्तक काढून आणा. न वाचता परत केलं तरी एक नोंद होते, आणि लेखकाला त्याचे काही पेन्स मिळतात.

आई गेली तेव्हा एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. धाकट्यानं ते मला वाचून दाखवलं. वहीतल्या यादीत आईनं एका नावावर बोट ठेवलं होतं, तिथं त्यानं फुली मारून ठेवली होती. शेवटचं पान झालं. ह्या वेळी आई चुकली होती.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, आणि मराठीत म्हणाला, “आजीला सांगायला पाहिजे होतं.”

तुमच्या घरात अजून सांगायला कोणी आहे. ह्या आठवड्यात एक पुस्तक आणा. शेवट कळला तरी कोणाला सांगू नका.

पुढच्या अंकात भेटू. शालोम.