गोळीने रात्र सरते, पहारा उठत नाही

व्हिएतनाम, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी माजी सैनिकांच्या निद्रानाशाबद्दल एक पूर्वपक्ष हमखास मांडला जातो. झोप उडणे हे मूळ दुखणे नव्हे, आघातोत्तर मानसिक तणावाचे ते लक्षण. तेव्हा आघातावर उपचार करा, झोप मागून येईल, आणि तोवर गोळी देण्यातच माणुसकी आहे. ऐकायला हे रास्त वाटते. पण निव्वळ लक्षण असते तर मूळ आजार ओसरताच तेही जायला हवे होते. तसे होत नाही. आघातावरचा उपचार लागू पडून भीती निवळली, तरी अनेकांची झोप परत येत नाही, हे वारंवार आढळले आहे. कारण निद्रानाश सुरू केला युद्धाने, तरी त्याला पोसतात नंतरच्या सवयी: रात्रीतून चार वेळा उठून दाराची कडी पाहणे, पलंग सोडून दाराकडे तोंड करून खुर्चीत बसणे, पहाटे डोळा लागला की दुपारपर्यंत लोळणे, झोपेसाठी म्हणून दोन पेग. अंथरूण म्हणजे पहाऱ्याची जागा, हे शरीर शिकून बसते. शिकलेले असे काही गोळीने पुसले जात नाही.

गोळीची माणुसकीही तपासावी लागेल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी बेन्झोडायझेपिन औषधे आघातोत्तर मानसिक तणावाच्या विकारात देऊ नयेत, असे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या आणि संरक्षण विभागाच्या संयुक्त मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्येही तेच कायम ठेवले. त्यांची सवय जडते. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांच्या जोडीला ती श्वासावर बेततात. झोल्पिडेम घेतलेला माणूस झोपेतच उठून गाडी चालवू शकतो, म्हणून २०१९ पासून त्यावर ठळक चौकटीतला इशारा असतो. घरात बंदूक असलेल्या माणसाला हे औषध देताना कोणाचाही हात थबकायला हवा. मग प्राझोसिनचे काय, असे कोणी विचारील. रक्तदाबाचे हे औषध सिएटलच्या मरे रास्किंड यांनी दुःस्वप्नांसाठी वापरून पाहिले आणि सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी आशा लावली. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०४ माजी सैनिकांच्या चाचणीत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरीही २०२३ च्या मार्गदर्शिकेने दुःस्वप्नांपुरता त्याला थोडा वाव ठेवला आहे, आणि तो असू द्यावा. मात्र दुःस्वप्ने आणि निद्रानाश एकाच खात्यावर मांडू नयेत.

आता मंडन. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीच घडवलेली संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती सुचवली. तिच्यात झोपेची रोजनिशी ठेवायची, प्रत्यक्ष झोप जेवढी, जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा, झोप येईना तर उठायचे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच जागे व्हायचे. पहिले काही आठवडे जड जातात, दिवसा पेंग वाढते. हे आधी न सांगणारा उपचारक रुग्ण गमावतो. आडगावात उपचारक कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे, पण हे उपचार व्हिडिओवरही देता येतात. वर्षानुवर्षांची गोळी एकदम बंद करायची का? मुळीच नाही. बेन्झोडायझेपिन अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू, डॉक्टरच्या नजरेखाली उतरवावी लागते. आणि नव्या रुग्णाला एवढ्यातूनही गोळी द्यावीच लागली, तर ती कधी थांबवायची ते पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलेले असावे.